मोठा आकडा, पण कशाचा?

प्रश्न : मुलगी पीएचडीसाठी विद्यापीठ शोधते आहे. एका माहितीपत्रकात शोधनिबंधांची संख्या आणि ‘एच-इंडेक्स’ ठळक छापलाय. त्यावरून संशोधनाचा दर्जा कळतो का?

उत्तर : थोडाफार. ग्रंथालयात असताना असे आकडे मीच काढून द्यायचे, म्हणून आधी त्यातली मेख सांगते. एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला, तोही एकेका संशोधकासाठी. ५० निबंधांचा प्रत्येकी निदान ५० वेळा इतरत्र संदर्भ आला, की एच-इंडेक्स ५०. तो सहसा घटत नाही. त्यामुळे जुनं, मोठं विद्यापीठ आपोआप पुढे. आजोबांची पुण्याई नातवाच्या खात्यावर!

निबंधांच्या संख्येचं तर विचारूच नका. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा निबंध ३३ पानांचा, त्यातली २४ पानं नुसती लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. लेखक ५,१५४! सरळ मोजणीत यातल्या प्रत्येक संस्थेच्या नावावर अख्खा एक निबंध जमा होतो. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या ‘लायडन क्रमवारी’त (जगभरच्या विद्यापीठांची यादी) हे श्रेय संस्थांमध्ये वाटून मोजलेलं मिळतं. शिवाय त्या-त्या विषयात सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या १० टक्के निबंधांत विद्यापीठाचे किती, तेही दिसतं. गणितात मुळातच संदर्भ कमी, जीवशास्त्रात भरपूर. त्यांना एका तागडीत घालायचं नसतं.

मुलीला मात्र विभागाचं पान उघडायला सांगा. होऊ घातलेल्या मार्गदर्शकांच्या अलीकडच्या निबंधांत पहिलं नाव (म्हणजे सहसा मुख्य काम करणाऱ्याचं) विद्यार्थ्याचं असतं का? (गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे, तिथे हे चालणार नाही.) कुठला निबंध चूक किंवा गैरप्रकार आढळल्याने मागे घेतला गेलाय का? आणि पीएचडी किती वर्षांत हातात पडली, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनाच विचारा.