सरवटे बस स्टँडला यायच्या आधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करायचं म्हणतोस, जरूर ये. फक्त तुझ्या पत्रातलं एक वाक्य खोडून टाक: "आधी व्यसन सोडवू, मग बाकीचं बोलू."

सोल्यूशन, म्हणजे पंक्चर चिकटवायचा डिंक, नशेसाठी हुंगणाऱ्या पोराला विचारून बघ. थंडी वाजत नाही, भूक कळत नाही, घर आठवत नाही, म्हणून ओढतो, असं तोच सांगेल. जीव द्यायचा विचार नशेत अचानक उसळतो आणि नशा उतरताना उदासी दाटते. म्हणजे "सुधरून ये" म्हणत ज्याला आपण परत पाठवतो, त्याचाच धोका मोठा. रोज भरपूर पिणाऱ्याला तर एकदम दारू बंद करायला लावूच नकोस. फिट येते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. ब्राउन शुगरवाल्याची, म्हणजे हेरॉइन घेणाऱ्याची, गोष्ट वेगळी. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आला की शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. चुकून झालं की मुद्दाम केलं, हे वाचलेल्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. सुटून आलेल्यांवर पहिले काही आठवडे डोळा ठेव.

आता विचारायचं कसं? सरळ. मुलं हिंदीत बोलतात, तेव्हा "मरने का मन करता है क्या?" असंच विचार. आपल्या घरांत असं अभद्र बोलू नये म्हणतात, ते इथे विसर. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. "हाँ" म्हणाला तर पुढे विचार: काही ठरवलंय का, कधी, हाताशी काही आहे का. असेल तर गोडीने मागून घे. ती उबळ पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ साधन लांब आणि माणूस जवळ हवा. त्याला एकटं सोडू नकोस. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नकोस. आईबापांना काय वाटेल हे तर काढूच नकोस. कित्येक जण त्यांच्याच मारामुळे घर सोडून आलेले असतात.

पोलिसांची भीती मुलांना फार. २०१७ पासून वर्षामागून वर्ष स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात त्यांना केरासारखं हटवलं जातं, त्यामुळे ती भीती खोटी नाही. पण जीव द्यायच्या प्रयत्नाबद्दल कायदा त्यांच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५: असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर. शिक्षा नाही, आणि उपचारांची जबाबदारी सरकारची. त्याच कायद्यात बेघरांना सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मोफत आहेत, बीपीएल कार्ड असो वा नसो. खिडकीवर आधार कार्ड मागून परत पाठवलं तर हे शांतपणे सांग. मी भांडते, पण माझे केस पांढरे आहेत, मला चालतं.

जखम, बेशुद्धी, श्वास मंद: १०८ लाव, एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, ने. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांग. मन फार बिघडलेलं असेल तर बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन टेली मानस १४४१६, चोवीस तास, फुकट, हिंदी-मराठी दोन्हीत. नशेसाठी १४४४६. अठराच्या आतला असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

मुलांकडे बहुधा फोन नसतो, असला तर बॅलन्स नसतो. आपल्याच फोनवरून लावून द्यायचा आणि तो बोलेपर्यंत शेजारी बसायचं. तेव्हा शनिवारी रात्री नऊला येशील तेव्हा फोन पूर्ण चार्ज करून आण. एकटा फिरू नकोस, मी चहाच्या टपरीपाशी आहे.

तुझी
ताई