ह्रास्तोव्ल्येचा अभ्यास कुठून सुरू करावा

स्लोव्हेनियातील ह्रास्तोव्ल्ये हे छोटेसे गाव तुम्ही अभ्यासाला निवडलेत, याचा मनापासून आनंद झाला. पोपपासून तान्ह्या मुलापर्यंत प्रत्येकाला हाताला धरून नेणारे सांगाडे दाखवणारी तिथल्या चर्चमधील १४९०ची भित्तिचित्रे मोहात पाडतात, आणि नवशिके तिथेच अडकतात. तरीही तुम्ही आधी भूगोल पाहा. कार्स्ट या पठाराच्या चुनखडी कड्याखाली, रिझाना नदीच्या परिसरात गाव कसे वसले हे नकाशावर पाहिले, की ऑटोमन हल्ल्यांच्या भीतीने चर्चभोवती बांधलेली उंच तटबंदीही समजू लागते.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात :

१. आजची सीमा भूतकाळावर लादली जाते. १९१८पूर्वी इथे ऑस्ट्रियाचे राज्य होते, नंतर इटलीचे आणि मग युगोस्लाव्हियाचे.

२. शोध एकाच नावाने घेतला जातो. इटालियन कागदपत्रांत हे गाव वेगळ्याच नावाने येते.

भिंतींवरील ग्लागोलिटिक या जुन्या स्लाव्ह लिपीतील मजकूर तूर्त बाजूला ठेवा.