सिंक तुंबलंय, हात घालायची हिंमत होत नाही

प्रश्न: किचनचं सिंक आठ दिवसांपासून तुंबतंय, पाणी अर्धा-अर्धा तास उतरत नाही, खालून सडका वास. ड्रेन क्लीनर दोनदा ओतून झालं, काही फरक नाही. आता ॲसिड टाकू का? पाईप उघडायच्या नुसत्या विचारानेच मळमळतं.

उत्तर: ॲसिड अजिबात नको! आधीचं क्लीनर अजून आत साचलेलं असू शकतं, बऱ्याच क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो, त्यात ॲसिड पडलं की एकदम तापून अंगावर उडतं, आणि ब्लीच असेल तर क्लोरीन सुटतो, तोच गॅस जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता.

सिंकखालचा वाकडा पाईप किंवा बाटलीसारखा भाग म्हणजे ट्रॅप. त्यात थोडं पाणी कायम थांबतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये असल्या वळणाच्या पाईपचं पेटंट घेतलं, आजही तेच चालतंय. तेलकट पाणी गरम असताना वाहून जातं, पुढे गार झालं की तेल थिजतं, त्याला अन्नाचे कण चिकटतात आणि मग काळा चिकटा तयार होतो, तुमचा वास त्याचाच असणार.

जाड रबरी ग्लोव्हज आणि चष्मा घाला, क्लीनर ओतलंय म्हणून हे हवंच. वरचं पाणी मगने उपसा, खाली बादली ठेवा, वॉशर कुठे कसा बसलाय त्याचा फोटो काढा आणि मग नट सोडवा. काढलेला ट्रॅप त्याच सिंकमध्ये धुवायला जाऊ नका, सवयीने नळ सोडला जातो आणि सगळं पाणी पायावर, हे खूप जणांचं होतं. दुसऱ्या बादलीत धुवा.

मळमळतं यात लाजण्यासारखं काही नाही. खिडकी उघडा, वास पहिली काही मिनिटंच जास्त जाणवतो, मग नाक सरावतं. पण हे फक्त सिंकपुरतं हं, सेप्टिक टँक किंवा मॅनहोलमध्ये वास येईनासा झाला तर तिथल्या हायड्रोजन सल्फाईडने नाक बधिर केलेलं असू शकतं आणि माणूस काही क्षणांत कोसळतो, तिथे कुणालाही उतरवू नका.

ट्रॅप साफ करूनही पाणी थांबलं तर तुंबलंय पुढे, प्लंबरला बोलवा. आणि आत काय काय ओतलंय ते त्याला आल्या आल्या सांगा, पुढचा हात त्याचा जाणार आहे.