अ‍ॅव्हलांचचा ड्राफ्ट क्वेबेकपासून वाच

कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या आइस हॉकी संघाचा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) अभ्यासताना १९९५ पासून सुरुवात करू नकोस. संघ त्या वर्षी क्वेबेकहून डेन्व्हरला गेला आणि १९९६ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, पण पेरणी नॉर्डिक्सच्या (संघाचं क्वेबेकमधलं नाव) काळातली. खेळाडू जो सॅकिक १९८७ च्या ड्राफ्टमधला, १५ व्या क्रमांकाची निवड.

खरा धागा एरिक लिंड्रॉस या खेळाडूचा. १९९१ ची पहिली निवड, पण त्याने क्वेबेककडून खेळायला साफ नकार दिला. १९९२ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या संघाला दिला गेला. बदल्यात पीटर फोर्सबर्ग, इतर खेळाडू, पैसे आणि पुढच्या निवडींचे हक्क आले. त्यातल्या १९९३ च्या हक्कावर गोलरक्षक जोसलिन तिबो घेतला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्याच्यासह तिघांना मॉन्ट्रियलच्या संघाला देऊन गोलरक्षक पॅट्रिक रुआ आणि माइक कीन मिळवले. क्वेबेककरांचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा निवडींच्या यादीशेजारी अदलाबदलींची यादी कायम उघडी ठेव.