कॅसेट नंबर अकरा

लश्कर, ग्वाल्हेर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या पुढच्या फेरीचं बोलावणं आलं हे वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. ‘मावशी, मी पंचवीस वर्षं उशिरा जन्मले. तुमच्या वेळचे कार्यक्रम खरे होते.’

ही ओळ चार दिवस मनातून जाईना, म्हणून फोन न करता लिहायला बसले आहे. फोनवर मी तुला नुसती शाबासकी देऊन मोकळी झाले असते.

तू रात्र रात्र जागून यूट्यूबवर जुने भाग बघतेस, हे तुझ्या आईनं सांगितलंच होतं. आम्ही ते कसे बघितले, ते आधी ऐक. झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ १९९५ च्या मे महिन्यात सुरू झालं. चिटणिसांच्या गोठेत, आमच्या मोहल्ल्यात, तेव्हा केबल दोन-तीन घरांतच होती. आमच्याकडे नव्हती, बाबांना तो पैशाचा नास वाटायचा. मी समोरच्या काकूंकडे जायचे. जाताना काखेत टेपरेकॉर्डर, हातात कोरी कॅसेट आणि वही. टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर पाटावर ठेवायचा, दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि तिथून पुढे खोलीत कुणी खोकायचंसुद्धा नाही. तरी माझ्या कॅसेटांवर काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, गल्लीतून जाणाऱ्या कुल्फीवाल्याची घंटा आहे आणि एका गाण्याच्या ऐन अंतऱ्यात काकूंचा नातू ‘आजी, पाणी’ म्हणतो आहे. आठवडाभर मी तेच ऐकायचे. आज कुल्फीवाल्याची घंटा वाजली की पुढची ओळ आपोआप ओठांवर येते.

सोनू निगम सूत्रसंचालन करायचा. त्यानं तेव्हा बाविशीही गाठली नव्हती. स्वतः गाणारा असल्यामुळे समोरच्याच्या घशाला कोरड पडली आहे हे त्याला कळत असावं, कारण नाव पुकारताना तो दोन शब्द असे बोलायचा की पोराचे खांदे खाली यायचे. दोन वर्षांत त्याचाच आवाज देशभर पोचला. म्हणजे त्या कार्यक्रमानं दिलेला पहिला तारा स्पर्धकांच्या रांगेत नव्हताच, तो त्यांना मंचावर बोलावत होता.

आणि परीक्षक! खय्याम, ओ. पी. नय्यर, कल्याणजी. ज्यांच्या चाली घरोघरी गुणगुणल्या जायच्या, तीच माणसं समोर बसून ऐकत होती. आमच्या वेळचं काही तुला हवंहवंसं वाटत असेल, तर ते हे ऐकणं आहे, असं मी मानते. झगमगाट तेव्हाही होता, आजच्यापेक्षा थोडा गरीब होता इतकंच. पण एक जाणता माणूस तीन मिनिटं मान खाली घालून ऐकायचा आणि मग साऱ्या देशासमोर सांगायचा की बेटा, श्वास शब्दाच्या मधोमध घेतलास. माझ्या वहीत गाण्याचे शब्द थोडे आहेत, अशा नोंदीच जास्त. ‘हरकत पदरची, मूळ चालीत नाही.’ ‘दुसऱ्या ओळीत निषाद चढला.’ ‘उर्दू शब्दाखालचा नुक्ता गेला.’ ग्वाल्हेरातल्या एका खोलीत बसून मी त्या माणसांकडे फुकट शिकत होते. चूक दुसऱ्याची असायची आणि कान माझा तयार व्हायचा.

तू ज्या दोघींची नावं पत्रात लिहिली आहेस, त्यांचंच बघ. सुनिधी चौहान १९९६ मध्ये दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’मध्ये जिंकली, जेमतेम बारा-तेरा वर्षांची असताना. ट्रॉफी लतादीदींच्या नावाची होती. श्रेया घोषाल ‘सा रे ग म’च्या लहान मुलांच्या भागात जिंकली. तू या दोन गोष्टी दोन चमत्कारांसारख्या लिहिल्या आहेस. मला त्यात एकच माणूस दिसतो, कल्याणजी. सुनिधी त्यांच्या ‘लिट्ल वंडर्स’ या बालगायकांच्या संचात गायची. श्रेया गात होती तेव्हा ते परीक्षक होते. तिच्या आईवडिलांनी राजस्थानातल्या रावतभाट्याचं घर सोडून मुंबई गाठावी यासाठी त्यांनीच त्यांचं मन वळवलं, आणि पुढे ती त्यांच्याकडे शिकली. शास्त्रीय संगीत ती मुंबईत मुक्ता भिडे यांच्याकडे शिकत होती. त्याआधी लहानपणापासून कोट्याला तालीम चालू होतीच. तिचा पहिला मोठा चित्रपट आला २००२ मध्ये. सुनिधीचं गाणं रेडिओवर सतत वाजायला लागलं ते १९९९ नंतर. बक्षीस आणि नाव यांच्या मधली ती वर्षं कुठल्याच व्हिडिओत नाहीत. तू ती पाहिलेली नाहीस म्हणून तुला वाटतं की त्या रात्री सगळं झालं.

आता माझं सांगते. तुझ्या आईलाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही.

१९९८ मध्ये मीसुद्धा ऑडिशनला गेले होते. कुठल्या कार्यक्रमाच्या, ते लिहीत नाही. रात्रीच्या गाडीनं दिल्लीला गेले, पहाटेपासून रांगेत उभी राहिले. दुपारी अडीचच्या सुमाराला आत घेतलं. मुखड्याची पहिली ओळ झाली, दुसरी उचलली आणि टेबलामागच्या माणसानं मान वर न करता हात हलवला. बाहेर आले तेव्हा मला हेसुद्धा कळलं नव्हतं की मी बेसूर होते, की आवाज त्यांना नको होता, की त्यांना जेवायला उशीर होत होता. काहीतरी सांगितलं असतं तर मी ते घेऊन घरी आले असते. मी रिकामी आले.

मग चौदा महिने तंबोऱ्याची गवसणी काढली नाही. आई विचारायची, मी घसा बरा नाही म्हणायचे. एका संध्याकाळी गुरुजी आले. ते माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. पंडित भातखंडे आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१८ मध्ये सुरू केलेलं ते महाविद्यालय, म्हणून गुरुजी त्याचं नाव घेताना नकळत सावरून बसत. आमच्याकडे त्यांनी काहीच विचारलं नाही. स्वतः गवसणी काढली, जुन्या तारांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, पंधरा-वीस मिनिटं जुळवत बसले आणि तंबोरा छेडत राहिले. खोलीत षड्ज भरला की गप्प बसणं अवघड असतं, हे तुला माहीत आहे. मी यमन लावला. गुरुजींनी डोळे मिटले. दहा मिनिटांनी म्हणाले, “गंधार उतरलाय. उद्यापासून ये.”

मी रडले ते घरच्यांना दुःखाचं वाटलं. मला ज्या चार शब्दांसाठी दिल्लीला जावं लागलं होतं, ते आमच्याच ओसरीवर मिळाले होते.

म्हणून तुला सांगते, जा. मी अडवत नाही, माझ्या अनुभवाचं ओझं तुझ्या पाठीवर टाकत नाही. कदाचित तुला चांगले परीक्षक भेटतील, कदाचित तू खूप पुढे जाशील. जबलपूरची प्राजक्ता शुक्रे २००४-०५ च्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये शेवटच्या काही जणांपर्यंत पोचली, तेव्हा आपल्या लश्कर भागातल्या मराठी घरांत आपल्याच माहेरची मुलगी निघाल्यासारखा आनंद होता. अभिजीत सावंत जिंकला त्या रात्री बाड्याच्या चौकात फटाके ऐकले मी. पण मतं तेव्हापासून मोबाईलवरून जायला लागली आणि माझ्या वहीतल्या नोंदी कमी झाल्या. कोण किती मतांनी वाचला यापुढे निषाद कुठे राहिला, याला जागा उरली नाही. २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मधून अरिजित सिंग मधेच बाहेर पडला होता, आणि मग कित्येक वर्षं संगीतकारांच्या स्टुडिओत पडेल ते काम करत शिकला. मतं मोजणाऱ्यांना तो तेव्हा ऐकू आला नाही, यात त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. मोजायचं यंत्र वेगळं होतं.

आणि तू ‘तुमचा काळ, आमचा काळ’ करतेस, तर २००८-०९ चं मराठी ‘लिटिल चॅम्प्स’ विसरू नकोस. तू तेव्हा पाळण्यात होतीस. माझ्यासाठी तो सगळ्यांत जवळचा कार्यक्रम आहे. आपल्या घरांतलं मराठी तुला ठाऊक आहे, अर्धं वाक्य हिंदीत जातं आणि पुण्याचे पाहुणे हसतात. त्या घरांत सोमवारी-मंगळवारी रात्री मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे नाट्यगीतं म्हणत होते, आळंदीची कार्तिकी गायकवाड वडिलांकडून आलेली वारकरी गायकी मोकळ्या गळ्यानं मांडत होती, आर्या आंबेकर आणि रोहित राऊत गात होते. माझी सासू तेव्हा ब्याऐंशीची. पन्नास वर्षांपूर्वी माहेरी ऐकलेली पदं तिला दहा वर्षांच्या मुलांनी परत आणून दिली. क्लासमधली पोरं दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारायची, ‘मावशी, त्या शब्दाचा अर्थ काय?’ मी जे वर्षानुवर्षं सांगून झालं नव्हतं, ते त्या पाच मुलांनी काही महिन्यांत केलं. कार्तिकी जिंकली. पण २०२१ मध्ये पाचहीजण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या जागी बसले, तेव्हा मला जिंकल्या-हरल्याची आठवण काढावीशी वाटली नाही. ऐकणाऱ्यांची पुढची पिढी बसली होती.

स्पर्धा वाईट, असंही माझ्याकडून लिहून घेऊ नकोस. ग्वाल्हेरचं गाणंच दरबारातल्या चढाओढीत वाढलं. हद्दू-हस्सू खाँ भावांनी पडद्याआड बसून बडे मोहम्मद खाँ या दरबारी गवयाची गायकी उचलली, ही गोष्ट तू माझ्याकडेच ऐकलीस. दुसरा भाग मी लहान मुलांना सांगत नाही. भर दरबारात हस्सू खाँना ‘कडक बिजली’ची तान पुन्हा घ्यायला लावली, त्यांच्या बरगडीला इजा झाली आणि त्यातच ते गेले, असं इथले जुने लोक सांगतात. खरं-खोटं तानसेनालाच ठाऊक. पण तुझा पाठवलेला व्हिडिओ पाहताना मला ती गोष्ट आठवली.

तुझी पट्टी काळी चार आहे. व्हिडिओत तू त्याहून चढी, काळी पाच लावली आहेस. तार मध्यमावर गेलीस तेव्हा आवाज चिरला, आणि तो चिरला हे तुलाही कळलं, कारण पुढच्या दोन ओळी तू घाबरून गायलीस. वरचा सूर ऐकून टाळ्या पडतात हे खरं आहे. पण तुझं गाणं मंद्रात आणि मध्य सप्तकाच्या खालच्या अंगात आहे, तिथे तुझ्यासारखा आवाज मी तीस वर्षांत दोनदा ऐकला. कुणी कितीही म्हणो, पट्टी बदलायची नाही. दुसरं गाणंही बदल. ज्या गाण्यात जागा आहे ते घे, ज्यात कसरत आहे ते सोडून दे. आणि जुने भाग बघायचेच असतील तर एकदा पडदा झाकून बघ. वहीत लिही, स्वरलिपी कर. कुठे चुकलं ते आधी तू लिही, मग परीक्षक काय म्हणाले ते ऐक.

आता कॅसेटांचं. तू मागितल्यास, मी टेपरेकॉर्डर दौलतगंजातून नीट करून आणला आहे, त्याचा पट्टा झिजला होता. कॅसेटा सव्वीस निघाल्या, दोन चिकटल्यात. तुझ्यासाठी अकरा नंबरची काढून ठेवली आहे. त्यावर एक मुलगा गातो. मी बटण उशिरा दाबलं, त्यामुळे त्याचं नाव टेपवर आलंच नाही, आणि पुढे तो कुठे दिसला नाही. गाणं संपतं, टाळ्या होतात, एक परीक्षक घसा साफ करून ‘बेटा’ म्हणतात आणि काकूंकडची लाईट जाते. त्यांनी काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही.

रविवारी सकाळी सहाला ये. तंबोरा मी लावून ठेवते. आधी अर्धा तास खर्ज, मग चहा, मग ती कॅसेट. अंतऱ्यात तो पंचमावर उतरतो ती जागा नीट ऐक. मला तो पंचम केसभर खाली वाटतो. गुरुजी शेवटपर्यंत म्हणायचे, बरोबर आहे.

तुझी,
मावशी