वूलवर्थ्स ऑनलाइन शॉपिंगमुळे बुडालं का, आणि त्याचा इतिहास काय?

ऑनलाइनमुळे बुडालं म्हणणाऱ्यांनी आधी २००१ चा व्यवहार बघावा. किंगफिशर या तेव्हाच्या मालक कंपनीने ब्रिटनमधलं वूलवर्थ्स (स्वस्त किरकोळ वस्तूंच्या दुकानांची चेन) स्वतंत्र कंपनी म्हणून वेगळं काढलं त्याच वर्षी १८२ दुकानांच्या जागा ६१.४ कोटी पौंडांना विकल्या आणि वूलवर्थ्स त्याच जागांत भाडेकरू झालं. तिथेच पाया गेला असं माझं ठाम मत आहे.

मी तिकडे दुसऱ्याच एका चेनमध्ये अकाउंट्सला होते (नाव घेत नाही), आमच्याकडेही हेच झालं. जागा विकल्या त्या वर्षी हातात पैसा दिसला म्हणून वरचे सगळे खूश, आणि मग सुरू झालं भाडं, दर तिमाहीला आगाऊ, त्यात तिकडचे लीज असे की दर पाच वर्षांनी भाडं नव्याने ठरतं पण ते वरच जातं, मंदी असली तरी खाली येत नाही. मग कात्री कुठे लागणार? रंगकाम पुढच्या वर्षी, दिवे पुढच्या वर्षी, आणि शनिवारच्या गर्दीत दोन काउंटर मिळून एकच मुलगी. हे सगळं मी आमच्या मोठ्या दिरांना आकडे घेऊन समजावलं तर म्हणाले, "तुम्हा लोकांना कामच नको असतं, म्हणून गिऱ्हाईक जातं." अजूनही तेच म्हणतात.

इतिहास थोडक्यात: अमेरिकेच्या फ्रँक वूलवर्थने १९०९ मध्ये लिव्हरपूलला पहिलं दुकान काढलं, दुसऱ्या महायुद्धापर्यंत सहा पेन्सच्या वर किंमत नाही, १९८२ मध्ये अमेरिकन मालकांनी आपला हिस्सा विकला. नोव्हेंबर २००८ मध्ये डोक्यावर ३८.५ कोटी पौंडांचं कर्ज, उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे बुडले तर सप्लायरना भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांनी हात काढून घेतला म्हणून सप्लायर आधी रोख मागायला लागले, आणि ऐन ख्रिसमसच्या तोंडावर कंपनी कोसळली. ६ जानेवारी २००९ ला शेवटची दुकानं बंद. एकूण ८०७ दुकानं, २७ हजारांच्या आसपास माणसं.

हां, सगळंच भाड्याने झालं असं नाही. सीडी, खेळणी, गोळ्या-चॉकलेटं सुपरमार्केटवाले स्वस्तात विकत होते, आणि ऑनलाइनचाही थोडा वाटा आहेच. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वूलवर्थ्सचा याच्याशी संबंध नाही, त्या वेगळ्या कंपन्या.

तुमचं स्वतःचं दुकान असेल आणि कोणी "जागा विका, भाड्याने राहा, पैसा मोकळा होईल" म्हणालं तर अजिबात ऐकू नका. आणि कामगार आळशी होते हे मला कोणी सांगू नये, नोकरी जाणार हे माहीत असून ती माणसं शेवटच्या दिवसापर्यंत काउंटरवर उभी होती, माल संपल्यावर शेल्फसुद्धा त्यांनीच विकली.