रोज तेच ते, चित्र काढावंसंच वाटत नाही

प्रश्न: ताई, कॉलेजात मी खूप स्केचिंग करायचे, आता नुसतं घर-ऑफिस. नागपुरात सीताबर्डीवरून रोज जाते पण नवीन काही दिसतच नाही. काय करू?

उत्तर: अगं, झिरो माइलच्या स्मारकाजवळ एकदा गाडी थांबव, ते चार घोडे अन् दगडी खांब दहा मिनिटं बघ आणि तिथंच उभं राहून काढ, वाकडं आलं तरी चालेल, फोटोवरून मात्र नको. आणि आपली संत्री! आंबिया बहाराची (बहार म्हणजे फुलण्याचा हंगाम) फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहाराची जून-जुलैत, त्याआधी शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो, मग पाणी दिलं की झाड फुलतं, मला याचं अजूनही नवल वाटतं. आज एक फोड उजेडात धर, आतले रसाचे दाणे काढायला घे, रंगपेटीतला एकटा नारिंगी पुरणारच नाही बघ.